मीठ, साखर, जांभा: कणांवरून फुटणारा प्रकाश मोजणाऱ्या डब्याच्या नोंदी

११ नोव्हेंबर २०२४

दिवाळीची सुट्टी संपली आणि टी. वाय.च्या दोघांनी प्रोजेक्ट मागितला. विषय समोरच लटकत होता. लॅबच्या खिडकीबाहेर आम्ही एक स्वस्त पीएम सेन्सर (हवेतले बारीक कण मोजणारा) लावलाय. धुक्याच्या सकाळी तो असे आकडे दाखवतो की वाटावं शेजारी वीटभट्टी लागली आहे. आणि चिरेखाणीवरून आलेला ट्रक कंपाउंडसमोर वळून लाल धुरळा उडवून गेला, सगळे खोकतायत, तरी हा पठ्ठ्या ढिम्म. रत्नागिरीत धुकंही आहे आणि जांभाही, त्यामुळे दोन्ही तऱ्हा रोज बघायला मिळतात.

या सेन्सरच्या पोटात एक लेझर आणि त्याच्याशी काटकोनात एक फोटोडायोड (प्रकाशाची वीज करणारा) असतो. कणावर आपटून ९० अंशांत जो प्रकाश फुटतो तो मोजायचा आणि हवेत किती मायक्रोग्रॅम ते सांगायचं, एवढाच कारभार. कण गोल आहे की खडबडीत, पांढरा, तांबडा की काळा, हे विचारायची त्यात सोयच नाही. म्हणून डबा असा बांधायचा ठरलं की पाहण्याचा कोन बदलता येईल, ध्रुवण (प्रकाशाची लहर कुठल्या दिशेने डोलते ते) तपासता येईल आणि लेझरचा रंग बदलता येईल. नमुने स्वयंपाकघरातले आणि रस्त्यावरचे.

१६ नोव्हेंबर

एमडीएफचा गोल डबा, व्यास ३० सेंमी, वर घट्ट झाकण. मधोमध वरून ८ मिमीची नळी. त्यातून कणांची हवा खाली येते आणि तळाच्या भोकातून कॉम्प्युटरचा जुना पंखा ती ओढून खिडकीबाहेर टाकतो. लेझर एका बाजूने आत येतो, केंद्रावर हवेच्या धारेला छेदतो. फोटोडायोड एका लाकडी हातावर, तो केंद्राभोवती १५ ते १६५ अंशांपर्यंत फिरतो. कोन वाचायला शाळेच्या फळ्यावरचा मोठा कोनमापक.

आतून फळ्याचा काळा रंग दिला. समोरून तो काळा दिसतो, पण तिरक्या कोनातून चकाकतो, आणि आपल्याला नेमका तिरकाच प्रकाश मारायचा आहे. रंगावर काळी मखमल चिकटवली, तेव्हा रिकाम्या डब्याचं रीडिंग एकदम खाली आलं. सरळ मखमलच लावा, रंगाचे पैसे वाचतील.

लेझरचा किरण पलीकडे जाऊन आपटतो तिथली सोय सगळ्यात महत्त्वाची. तिथून एक टक्का प्रकाश जरी परत फिरला तरी तो कणांच्या प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त असतो. आम्ही दाढीच्या पात्यांची थप्पी वापरली. दोन-तीन पाकिटं पाती एकावर एक रचून दोन स्क्रूंनी आवळली, धारेची बाजू लेझरकडे. दोन धारांमधल्या पाचरीत शिरलेला किरण आतल्या आत आपटत संपतो. बाजूने थप्पी लखलखीत स्टीलची, पण धारेकडून पाहिली तर काळी कुळकुळीत. लॅबच्या मामांचा विश्वास बसेना, त्यांनी टॉर्च मारून पाहिला, मग म्हणाले, "सर, हा उजेड जातो कुठं?" (थप्पी हाताळताना चामड्याचे मोजे घालावेत. एका विद्यार्थ्याच्या अंगठ्याला पट्टी आहे.)

२१ नोव्हेंबर

फोटोडायोड बीपीडब्ल्यू ३४, त्यामागे सीए ३१४० हा ऑप-अँप (बारीक करंट मोठा करून दाखवणारी चिप), फीडबॅकला १० मेगाओहम आणि १०० पिकोफॅरड. एक नॅनोअँपियरला १० मिलिव्होल्ट मिळतात. पुढे व्होल्टेजचे आकडे करणारा एडीएस १११५ हा १६ बिटांचा कन्व्हर्टर, कारण आर्डुइनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाचा स्वतःचा १० बिटांचा इथे अपुरा पडतो.

दुपारी सगळं शांत, सकाळी रीडिंग वाहतंय. लेझर बंद, डबा बंद, तरी शून्य जागेवर राहीना. दोन सकाळी केबली बदलण्यात गेल्या. दोष सोल्डरच्या फ्लक्सचा निघाला. बोर्डावर उरलेला चिकट थर सकाळच्या दमट हवेत पाणी धरतो आणि दहा मेगाओहमच्या शेजारून स्वतःची वाट काढतो. बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि टूथब्रशने घासला, ऑप-अँपची इनपुटची पिन बोर्डावरून उचलून हवेतच डायोडला जोडली. आता सकाळ-दुपार फरक नाही. कोकणात हे करणाऱ्याने पिन उचलूनच सुरुवात करावी.

ट्यूबलाइटचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो, त्यामुळे प्रत्येक रीडिंग २० मिलिसेकंदांच्या पटीत सरासरी काढून घेतो. लेझर चालू आणि लेझर बंद अशी जोडीने रीडिंग, आणि वजाबाकी.

२९ नोव्हेंबर

आठवडा हिरव्या लेझरने खाल्ला. ३५० रुपयांचा पॉइंटर, डोळ्याला झगझगीत, म्हणून घेतला. अडचणी दोन. पहिली, त्याची तीव्रता स्थिर राहत नाही. गरम होताना वर-खाली होते आणि मधेच उडी मारते. दुसरी जास्त छुपी होती. लेझरसमोर एक पोलरायझर (एकाच दिशेने डोलणारा प्रकाश सोडणारी फिल्म), डायोडसमोर आडवा धरलेला दुसरा. दोन्ही फुटलेल्या एलसीडी मॉनिटरमधून सोललेल्या फिल्मा, म्हणजे फुकट. आडव्या जोडीतून जवळजवळ काहीच यायला नको. डोळ्याला काहीच येत नव्हतं, पण डायोडला भरपूर दिसत होतं.

स्वस्त हिरव्या पॉइंटरात ८०८ नॅनोमीटरचा डायोड १०६४ चा प्रकाश तयार करतो आणि त्याची तरंगलांबी अर्धी करून ५३२ चा हिरवा मिळतो. उरलेला अवरक्त (इन्फ्रारेड, डोळ्याला न दिसणारा) प्रकाश अडवायला काच हवी, ती यात नव्हती. एलसीडीची फिल्म अवरक्ताला पोलरायझर म्हणून चालत नाही, आणि सिलिकॉनचा डायोड नेमका ९०० च्या आसपास सगळ्यात संवेदनशील. जुन्या वेबकॅमच्या लेन्समागची निळसर काच काढून मधे लावली, तेव्हा आडवं रीडिंग कोसळलं. निदान पक्कं झालं, पण तीव्रतेच्या उड्या राहिल्याच. पॉइंटर फळ्यावर दाखवायला ठेवून दिला.

आता ६५० नॅनोमीटरचं लाल मॉड्यूल (१२० रुपये) आणि ४५० चं निळं (४५० रुपये). डायोड लेझर मुळातच बऱ्यापैकी ध्रुवीत असतात. मॉड्यूल फिरवून ध्रुवणाची दिशा उभी केली आणि समोर एक फिल्म लावून ती साफ केली. निळ्याबद्दल एक सूचना: स्वस्त निळी मॉड्यूलं लेबलवर लिहिल्यापेक्षा जास्त ताकदीची निघू शकतात. झाकणाला मायक्रोस्विच लावलाय, झाकण उघडलं की लेझर बंद. त्याशिवाय निळ्याला हात लावायचा नाही, असा लॅबचा नियम केला.

६ डिसेंबर

पहिला नमुना साधं पाणी. शोभेच्या कारंज्यातला अल्ट्रासॉनिक मिस्ट मेकर २५० रुपयांना मिळाला, त्याचे थेंब काही मायक्रॉनचे. थेंब म्हणजे गोल, आणि गोल कणाचा हिशेब गुस्ताव मी याने १९०८ सालीच पुरता मांडून ठेवलाय. शिवाय उभ्या ध्रुवणाचा प्रकाश गोल कणावर पडला तर डायोड फिरतो त्या सपाटीत कुठल्याही कोनाला आडवा प्रकाश येत नाही. म्हणजे पाण्यावर जे आडवं रीडिंग (डायोडसमोरची फिल्म आडवी धरून घेतलेलं, उभ्या रीडिंगच्या टक्क्यांत) येईल ती आपल्या उपकरणाची गळती, आणि तेच आपलं शून्य.

गळती बारा टक्के आली! फिल्मा बदलल्या, स्वच्छ पुसल्या, हाताचं बिजागर तपासलं. काही फरक नाही. मग विद्यार्थिनीने मिस्ट मेकरच्या भांड्यावरचा कागद अर्धा उघडला आणि धुकं विरळ होताच टक्केवारी खाली आली. धुकं दाट होतं. एका थेंबावरून फुटलेला प्रकाश दुसऱ्या, तिसऱ्या थेंबावर आपटून येत होता आणि वाटेत त्याचं ध्रुवण बिघडत होतं. धुकं इतकं पातळ केलं की डोळ्याला किरण जेमतेम दिसावा. गळती ०.६ टक्क्यावर आली आणि तिथेच थांबली.

तेव्हापासून प्रत्येक नमुन्याला ही चाचणी आहे: कण निम्मे करा, प्रकाश निम्मा झाला पाहिजे, आणि आडव्याचं उभ्याशी गुणोत्तर हलता कामा नये. हललं तर रीडिंग फेकून द्या. ज्यांना ‘धूर दाट असला की छान दिसतं’ वाटतं त्यांनी हे दोनदा वाचावं.

१२ डिसेंबर

कोनानुसार वक्र काढला तर समोरची आणि मागची टोकं उगाच वर. डायोड लेझरला तिरका पाहतो तेव्हा त्याला किरणाचा लांब तुकडा दिसतो, काटकोनात पाहतो तेव्हा आखूड. हवेची धार आमच्या डायोडच्या दृष्टीपेक्षा रुंद पसरत होती, म्हणून प्रत्येक रीडिंगला कोनाच्या साइनने गुणणं भाग आहे. गुणल्यावर पाण्याचा वक्र पुस्तकात असतो तसा आला: समोर झोत, १०० अंशांपाशी खोलगट भाग, आणि १४५ च्या आसपास एक रुंद उंचवटा. हा उंचवटा म्हणजे धुक्यातल्या पांढऱ्या इंद्रधनुष्याचा भाऊबंद. लेझर ९० अंशांत फिरवून ध्रुवण आडवं केलं की तो जवळजवळ नाहीसा होतो, तसा तो व्हायलाच हवा. डब्यावर माझा विश्वास बसला तो इथे.

२० डिसेंबर

आता खरा डाव. आकाराचा परिणाम वेगळा काढायचा तर दोन असे पदार्थ हवेत की अपवर्तनांक (पदार्थ प्रकाशाला किती वळवतो तो आकडा) सारखा, माप सारखं, आकार मात्र वेगळा. रसायनशास्त्राच्या मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या, "अहो, मीठ आणि साखर घ्या की." मिठाचा अपवर्तनांक १.५४, साखरेचा जवळपास तेवढाच. मिठाचा थेंब वाळला की चौकोनी ठोकळा, म्हणजे घन बनतो. साखरेचा बारीक थेंब भराभर वाळला की स्फटिक न होता काचेसारखा गोल राहतो. दोन्ही लाल प्रकाश शोषत नाहीत.

माप जुळवायला घनतेचा हिशेब करावा लागतो. लिटरला १० ग्रॅम मीठ घेतलं तर ४ मायक्रॉनच्या थेंबातून सुमारे ०.६७ मायक्रॉनचा कण उरतो. साखर हलकी, म्हणून तेवढ्याच आकारमानाला लिटरला ७.३ ग्रॅम पुरते. पाणी डिस्टिल्ड. मीठ लॅबमधलं शुद्ध. जेवणातल्या मिठात आयोडीन आणि मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेली पूड असते.

वाळवणीची नळी अशी: बाहेर ३ इंची पीव्हीसी, आत बारीक स्टीलच्या जाळीची नळी, मधल्या जागेत किलोभर सिलिका जेल (३०० रुपये, नारिंगी रंगाचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं). मिस्ट मेकरचं सगळं धुकं सरळ त्यातून सोडलं, तर अर्ध्या दुपारीच जेलचा रंग पालटला आणि कण ओलेच राहिले. मिस्ट मेकर तासाला पेलाभर पाणी उडवतो, जेलने किती प्यावं! मग धुकं आधी २० लिटरच्या पाण्याच्या जारमध्ये सोडलं, मोठे थेंब तिथेच बसू दिले, आणि माशांच्या टाकीच्या पंपाने त्यातली थोडीशीच हवा कोरड्या हवेत मिसळून हळू ओढली. वापरलेलं जेल कॅन्टीनच्या कढईत मंद आचेवर भाजून परत मिळतं. कॅन्टीनवाल्याला आधी विचारा.

२८ डिसेंबर

साखर: आडवं ०.८ टक्के, म्हणजे जवळपास गळतीइतकंच. गोल. ठीक.

मीठ: ०.७ टक्के. म्हणजे तेही गोल?

मिठाच्या वक्रात घनाचं नामोनिशाण नाही. निघायच्या तोंडाशी आर्द्रता सेन्सर खोचून पाहिलं तर ५५ टक्के. तिढा तिथेच होता. मिठाचा कोरडा खडा ७५ टक्के आर्द्रतेला विरघळून थेंब होतो, पण त्या थेंबाचा परत खडा व्हायला आर्द्रता ४५ च्या आसपास उतरावी लागते. मधल्या पट्ट्यात तो पाणी धरून थेंबच राहतो. आमचं मीठ वाळलेलं नव्हतंच, नुसतं दाट झालं होतं.

४ जानेवारी २०२५

दुसरी वाळवणीची नळी जोडली. तोंडाशी ३८ टक्के. मिठाचं आडवं रीडिंग ०.७ वरून ५ टक्क्यांच्या आसपास चढलं, साखर होती तिथेच. तोच लेझर, तोच कोन (१२० अंश), तेवढाच अपवर्तनांक, जवळजवळ तेवढंच माप. फक्त कोपरे आले.

मग जाणून बुजून उलटं केलं. वाळलेलं मीठ ओल्या कापडाच्या नळीतून नेऊन आर्द्रता ६० वर आणली. आडवं रीडिंग ढळलं नाही, खडा खडाच राहिला. आणि न वाळवता जास्त आर्द्रतेवरून ६० वर उतरवलेलं मीठ: गळतीइतकंच, थेंब. आर्द्रता दोन्हीकडे ६०. हवा आता किती दमट आहे एवढं कळून भागत नाही, तो कण कुठून फिरून आलाय हेही विचारावं लागतं. विद्यार्थ्यांना हे पुस्तकातून सांगितलं असतं तर मान डोलावून गेले असते. इथे पंपाचा नॉब फिरवून स्वतःच पुन्हा पुन्हा करत बसले.

आणि ९० अंशांतला नुसता उजळपणा, म्हणजे बाहेरचा स्वस्त सेन्सर जे पाहतो ते? थेंबातलं पाणी कणाला फुगवतं, म्हणून मिठाचं वजन तेवढंच असून ओलं मीठ कोरड्यापेक्षा ठळक उजळ. धुक्याच्या सकाळच्या वीटभट्टीचा उलगडा बराचसा इथे झाला.

११ जानेवारी

मिठागरातलं खडे मीठ घेतलं. त्याच ३८ टक्क्यांवर आडवं रीडिंग शुद्ध मिठाच्या निम्म्याहून कमी. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते पाणी सोडत नाही. पावसाळ्यात बरणीत मीठ पाझरतं ते त्याच्यामुळेच. कणावर ओला लेप राहतो आणि कोपरे झाकले जातात. कोकणच्या हवेतलं खरं मीठ असंच असणार. शुद्ध सोडियम क्लोराइडचा घन ही लॅबमधली चीज.

२५ जानेवारी

कोरडी पूड हवेत उडवणं हे या सगळ्या कामातलं सगळ्यात कटकटीचं. रांगोळी फुंकली की गुठळ्या उडतात, त्या आपटून लगेच खाली बसतात. पाण्यात निवळून बारीक भाग काढला तर वाळल्यावर पापडी धरते, आणि खलात घोटली की पुन्हा गुठळ्या.

शेवटी उभ्या नळीत निवळणं जमलं. मीटरभर उंचीची नळी, तळाशी पूड, रबरी फुग्याने जोराचा एक झोत, आणि मग दोन मिनिटं गप्प बसायचं. दगडाच्या घनतेचा १० मायक्रॉनचा कण हवेत सेकंदाला सुमारे ८ मिलिमीटर पडतो, म्हणजे मीटरभर पडायला दोन मिनिटं. त्यानंतर वरच्या टोकातून हळू हवा ओढली की त्याहून मोठं सहसा काही येत नाही. पहिली नळी पीव्हीसीची होती; कण स्थिर विजेने भिंतीला चिकटून वर काही उरेचना. प्लंबरकडून जीआय (लोखंडी) पाइपचा तुकडा आणला आणि अर्थिंग केलं.

३ फेब्रुवारी

तीन पुडी: रांगोळी, चिरेखाणीतून आणलेली जांभ्याची धूळ, आणि कुटलेली काच.

काच का, ते सांगतो. रांगोळीवर विरळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला तर फसफसली, म्हणजे कार्बोनेट. त्यातल्या कॅल्साइटचे अपवर्तनांक दोन असतात, १.६६ आणि १.४९, असा स्फटिक स्वतःच ध्रुवण फिरवतो. मग आडवं रीडिंग वेड्यावाकड्या आकारामुळे आलं की स्फटिकाच्या या गुणामुळे, हा प्रश्न विद्यार्थिनीनेच काढला. काचेला असा दुहेरी गुण नाही, आणि कुटली की आकार मात्र खडबडीत. मायक्रोस्कोपच्या कव्हर स्लिपा खलात कुटल्या. (एन ९५ मास्क, बंद डबा, पंखा खिडकीबाहेर. ही पूड उघड्यावर फुंकायची नाही.)

लाल लेझर, १२० अंश: तिन्हींचं आडवं रीडिंग २० टक्क्यांच्या वर. काचही त्यातच. म्हणजे खडबडीत आकार एकटाच एवढं करायला पुरेसा आहे. ध्रुवण कण गोल नाही एवढं पक्कं सांगतं, पण काच, रांगोळी आणि जांभा यांत त्याला फरक करता येईना. वाळवंटातली धूळ आणि धूर उपग्रहावरून वेगळे काढायची युक्ती हीच आहे; २००६ साली सोडलेला कॅलिप्सो उपग्रह ५३२ नॅनोमीटरवर परतणाऱ्या प्रकाशाचं ध्रुवण असंच दोन भागांत मोजत असे.

फरक दिसला तो निळ्या लेझरने. दोन लेझरांची ताकद आणि डायोडची संवेदना वेगळी, म्हणून रांगोळीला पांढरा मापदंड धरला: जांभ्याचं निळं भागिले लाल, आणि त्याला रांगोळीच्या तशाच गुणोत्तराने भागलं. उत्तर एकाच्या बरंच खाली. जांभ्यातलं लोहाचं ऑक्साइड निळा प्रकाश गिळतं आणि लाल बऱ्यापैकी सोडतं. तुळशीवृंदावनाला लावायचा गेरू टाकून पाहिला, तो तर आणखी खाली गेला. त्याआधी गेरू चमच्यात लालबुंद तापवून घेतला. लोहाचा रंग टिकतो, मिसळलेला सेंद्रिय रंग असता तर जळून गेला असता. दुकानातला गेरू न तापवता वापरू नका.

गोल कणांचं गणित धुळीवर लावून पाहिलं, अपेक्षेप्रमाणे जुळलं नाही. गुस्ताव मी याच्या सूत्राप्रमाणे १६० अंशांपलीकडे वक्र उसळी घेतो. आमची धूळ तिथे सपाट, आणि १०० ते १४० मध्ये मात्र गणितापेक्षा उजळ. अॅमस्टरडॅम आणि ग्रानाडाच्या प्रयोगशाळांनी खऱ्या खनिज धुळीची कोनानुसार मोजमापं सर्वांसाठी खुली ठेवली आहेत, तिथले वक्रही असेच सपाट आहेत. आमचे आकडे त्यांच्या अचूकतेच्या आसपासही नाहीत, पण वळण तेच.

१५ फेब्रुवारी

धूर. उदबत्ती आणि कापूर.

उदबत्तीचा धूर म्हणजे मुख्यतः डांबरट थेंब, आणि तसंच आलं: आडवं १ टक्क्याच्या आसपास, निळ्यात लालपेक्षा कितीतरी जास्त उजळ. कापराची काजळी दुसऱ्याच जातीची. तीस-चाळीस नॅनोमीटरच्या मण्यांचे विस्कटलेले झुबके, आणि रंग काळा. इथे मी किरणाच्या टोकाला, पात्यांच्या आधी, दुसरा डायोड लावला. दोन्ही धूर इतके सोडायचे की सरळ जाणारा किरण १० टक्के मंदावेल, आणि मग बाजूला किती फुटतो ते पाहायचं. किरण सारखाच मंदावला, पण कापराचा बाजूचा प्रकाश उदबत्तीच्या पाव हिश्शाहूनही कमी. बाकीचा काजळीने गिळला. काटकोनात पाहणाऱ्या सेन्सरला काजळी म्हणूनच कमी दिसते, आणि ती कमी आहे म्हणून नव्हे. आकाराने इतकी वेडीवाकडी असूनही काजळीचं आडवं रीडिंग फक्त दोनेक टक्के आलं. मणी प्रकाशाच्या लांबीपुढे फारच बारीक, त्यामुळे झुबक्याचा आकार ध्रुवणात फारसा उमटत नाही. तेव्हा ‘आडवं कमी म्हणजे गोल’ हे उलटं वाचू नये.

त्या दिवशी संध्याकाळी शून्य बिघडलं. डायोडच्या काचेवर उदबत्तीचा पिवळट चिकट थर आणि मखमलीवर काजळी. मखमल ब्रशने साफ होत नाही, बदलावी लागली. आता डायोड आणि लेझर दोन्हींच्या नळीत एन ९५ मास्कच्या कापडातून गाळलेली हवा दुसऱ्या छोट्या पंपाने आतून बाहेर वाहते, त्यामुळे धूर काचेपर्यंत पोचत नाही. हे पहिल्या दिवशी करायला हवं, धुराची पाळी येईपर्यंत थांबू नये.

२८ फेब्रुवारी

विज्ञान दिन. डबा प्रदर्शनात. खिडकीबाहेरचा पीएम सेन्सर काढून त्याच हवेच्या वाटेवर बसवला. उदबत्ती लावली की त्याचे आकडे छताला, जांभ्याची धूळ सोडली की पीएम १० (१० मायक्रॉनपर्यंतच्या कणांचा आकडा) सुद्धा जेमतेम हललं. पुढच्या वर्गातल्या मुलांना हे फार आवडलं. दुपारी झाकण सतत उघड-मीट झाल्याने कोनमापक सरकला होता, त्या दिवशीचे आकडे घेतलेले नाहीत.

खर्च: हिरवा पॉइंटर धरून अडीच हजारांच्या आसपास. आर्डुइनो, पंखा, पाइप आणि फिल्मा घरच्या. पंपांचे धरले नाहीत, ते एका विद्यार्थ्याच्या बंद पडलेल्या फिश टँकचे आहेत. पैशापेक्षा वेळ गेला, आणि तो मुख्यतः तीन ठिकाणी: हिरवा लेझर, ओलं मीठ, आणि कोरडी पूड.

३ मार्च

१३ तारखेला होळी. ओल्या-सुक्या लाकडाचा धूर आणि दुसऱ्या दिवशी धुळवडीचा रंग, दोन्ही मोजायचेत. रंगांत स्टार्चची पूड असते तेव्हा आडवं रीडिंग कुठे बसतं ते पाहायचं आहे. त्याआधी नवी मखमल चिकटवायची, निळ्या मॉड्यूलला उष्णता शोषणारी पट्टी लावायची (अर्ध्या तासात त्याची तीव्रता घसरते), आणि जेल भाजायचं. कॅन्टीनवाल्याने कढई परत मागितली आहे, तेव्हा आता स्वतःची घ्यावी लागेल.